कोतवाल चावडी ते गावची चावडी : एका हुद्द्याचं प्रकरण

पुण्यात गणेशोत्सवात दगडूशेठ हलवाई गणपतीचा मांडव बुधवार पेठेत जिथे पडतो, त्या जागेला कोतवाल चावडी म्हणतात. लाखो लोक तिथून रांगेने पुढे सरकतात. त्यांतल्या पुष्कळांच्या गावी एक कोतवाल असतो. तलाठ्याच्या हाताखालचा, नोटिसा पोचवणारा, परवापरवापर्यंत दवंडी देणारा. चावडीच्या नावातला कोतवाल आणि गावातला कोतवाल यांचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनात येत नाही. येण्याचं कारणही नाही. पहिल्याच्या तोंडी शहराला जरब बसवणारी भाषा होती, दुसऱ्याला तहसीलदारासमोर खुर्चीवर बसायची सोय नसते.

जुन्या हुद्द्यांचं मराठीत साधारण दोनच प्रकारे झालं. काही आडनावांत जाऊन बसले: सबनीस, फडणवीस, चिटणीस, देशमुख. काहींची पायरी उतरली. शिवकाळात किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत आणि हवालदाराच्या कमरेला किल्ल्याच्या किल्ल्या असत. आज हवालदार म्हणजे पोलिस ठाण्यातला शिपायाच्या वरचा माणूस. कोतवालही या दुसऱ्या रांगेत बसवला जातो, आणि ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असं म्हणून विषय संपतो. पण या हुद्द्याचे कागद जरा नीट लावून पाहिले तर घसरणीची ही गोष्ट टिकत नाही. कोतवाल पायरी-पायरीने उतरत गावात आला नाही. शहरातलं पद मोडलं, नाव रिकामं झालं, आणि पुढे ते नाव एका वेगळ्याच, फार जुन्या कामाला मुद्दाम दिलं गेलं. ते का दिलं, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

आधी नावाचं मूळ. संस्कृतात कोट्टपाल म्हणजे कोट सांभाळणारा. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात नवव्या शतकातला एक शिलालेख आहे. त्यात 270 हा आकडा शून्यासह कोरलेला असल्यामुळे गणिताचे अभ्यासक तिथे आवर्जून जातात. त्या काळच्या लेखांत अल्ल नावाच्या माणसाचा उल्लेख आहे, आणि प्रतिहार राजा भोजाने त्याला किल्ल्याचा रक्षक नेमलं होतं. म्हणजे अकराशेहून अधिक वर्षांपूर्वीचा कोतवाल हा किल्लेदार होता. नंतर फारसी दफ्तरातून फिरून हाच शब्द ‘कोतवाल’ होऊन आपल्याकडे परतला, तेव्हा कोटाची जागा शहराने घेतली होती.

मोगल काळातला कोतवाल काय करी हे अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त तपशिलाने लिहून ठेवलं आहे, आणि ती यादी वाचताना दम लागतो. शहरातल्या घरांची आणि वाटांची नोंद ठेवायची. मोहल्ले पाडून प्रत्येकावर एक प्रमुख नेमायचा आणि आलं-गेलं माणूस त्याच्याकडून रोज कळवून घ्यायचं. अनोळखी पाहुण्यांना वेगळ्या सराईत उतरवायचं. कुणाची मिळकत किती आणि खर्च किती यावर डोळा ठेवायचा, कारण मिळकतीपेक्षा खर्च जास्त दिसला की पाणी मुरतं आहे हे उघड. प्रत्येक धंद्याचा एक मुखिया आणि एक दलाल ठरवायचा, वजनं तपासायची, बायकांसाठी वेगळे पाणवठे करायचे, रिकामटेकड्यांना कामाला लावायचं, कुणा बाईला तिच्या मनाविरुद्ध सती जाऊ द्यायचं नाही. आणि सगळ्यांत जड कलम हे: चोर शोधायचा, माल मिळवायचा, नाही मिळाला तर नुकसानीला कोतवालच जबाबदार.

हे शेवटचं कलम लक्षात ठेवावं. पुढे ते गावात भेटणार आहे.

पुण्यात कोतवाली भरभराटीला आली ती पेशव्यांनी शहर वाढवलं तेव्हा. पेठा वसत होत्या, सावकार, शिलेदार, भिक्षुक, कारागीर येऊन राहत होते, घरांची खरेदी-विक्री होत होती. कोतवालाकडे पेठांमधले मोठे तंटे, रस्ते-गल्ल्या-घरांचे वाद, बाजारभाव, वजनंमापं, घर-जमिनीच्या व्यवहारांच्या नोंदी, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची माहिती, खानेसुमारी, जुगारी आणि नाचगाणं करणाऱ्यांवरची देखरेख असं सगळं होतं. हाताखाली प्यादे आणि रामोशी. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायची बंदी. सापडला तो चौकीत. दंडाची रक्कम सरकारात भरायची आणि हिशेब द्यायचा. दंड वसूल करणारा आणि दंड ठरवणारा एकच असला की काय होतं हे सांगायला नको.

घाशीराम सावळदास याच खुर्चीवर होता. औरंगाबादेकडून आलेला कनौजी ब्राह्मण, 1777 साली कोतवाल झाला, नाना फडणविसांचा भरवशाचा माणूस. 1791 च्या ऑगस्टअखेर पुण्यात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी पकडून एका कोंदट खोलीत डांबलं आणि सकाळपर्यंत त्यांतले वीसहून अधिक गुदमरून मेले. शहर खवळलं. नानांनी शेवटी हात काढून घेतला, घाशीरामाची धिंड निघाली आणि 31 ऑगस्टला जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट तेव्हा पुण्यात होता, त्यानेही ही हकीकत लिहून ठेवली आहे. 1972 साली या नावाचं नाटक रंगभूमीवर आलं आणि तेव्हापासून शहरी मराठी माणसाच्या कानात ‘कोतवाल’ म्हटलं की घाशीरामच उभा राहतो. एका माणसाने हुद्दा बदनाम केला असं म्हणण्याची पद्धत आहे. मला ते फारसं पटत नाही. घाशीरामाच्या नंतरही पुण्याला कोतवाल होतेच, आणि मराठी राज्य जाईपर्यंत त्या पदाला वजनही होतं. बदनामी नाटकाच्या बाजूने आली. पद गेलं ते वेगळ्या कारणाने.

कारण असं की कंपनी सरकारला एका माणसाच्या हाती एवढं सगळं नको होतं. 1818 नंतर लगेच काही कोतवाली बंद झाली नाही, पण पुढच्या पन्नास वर्षांत तिचा एकेक अवयव वेगळा काढला गेला. चोर-दरोडेखोर पोलिस सुपरिंटेंडेंटकडे गेले. मुंबई इलाख्याचा जिल्हा पोलिसांचा स्वतंत्र कायदा 1867 साली झाला. शिक्षा देणं मॅजिस्ट्रेटकडे. रस्ते, गल्ल्या, झाडलोट, दिवाबत्ती नगरपालिकेकडे. घरांच्या खरेदीखतांची नोंद सब-रजिस्ट्रारकडे. जनगणना तर दर दहा वर्षांची स्वतंत्र मोहीमच झाली. वजनंमापं आणखी कुणाकडे. आज घर घेताना, बांधताना, त्यावर वाद झाला तर आणि त्यात चोरी झाली तर आपण ज्या चार-पाच कचेऱ्यांत जातो त्या मिळून एक पेशवाई कोतवाल होतो. हे विभाजन चांगलंच होतं, याबद्दल शंका नाही. मात्र त्यात कोतवाल हे नाव कुणाच्याच वाट्याला आलं नाही.

इमारती मात्र नाव धरून बसल्या. नागपूरच्या महालात कोतवाली पोलिस ठाणं आहे, अहिल्यानगरात कोतवाली आहे, अमरावती आणि अकोल्यात शहर कोतवाली आहे. या सगळ्या कोतवाल्यांत निरीक्षक, उपनिरीक्षक, हवालदार, शिपाई असे सगळे भेटतात. कोतवाल तेवढा भेटत नाही. तो तिथून दहा-वीस किलोमीटरवर तलाठी सजात, म्हणजे एका तलाठ्याकडे सोपवलेल्या गावांच्या हद्दीत, बसलेला असतो. उत्तरेतही तेच. दिल्लीची कोतवाली 1857 च्या उठावात मोडली. तिथले शेवटचे कोतवाल म्हणून ज्यांचं नाव घेतात ते गंगाधर नेहरू, मोतीलालांचे वडील. काशीचा कोतवाल मात्र अजून आपल्या जागी आहे. काळभैरवाची परवानगी घेतल्याशिवाय काशीयात्रा पुरी होत नाही हे आपल्याकडची आजीही सांगते.

आता दुसरी बाजू, म्हणजे काम. ते नावाच्या कितीतरी आधीपासून गावात चालू होतं.

गावगाड्यात पाटील आणि कुलकर्णी वरच्या अंगाला, आणि खालच्या अंगाला सरकारी कामाचा सगळा भार महाराच्या खांद्यावर. वेशीवर राखण करणारा तो वेसकर, हाकारे देणारा तो तराळ. वसुलीला माणसं चावडीवर बोलावून आणायची. सारा जमला की त्याची थैली कसब्याला पोचवायची, वाटेत चोरांपासून सांभाळायची. सरकारी माणूस आला की त्याचं ओझं पुढच्या गावापर्यंत न्यायचं, त्याच्या घोड्याला वैरण घालायची. शिवेचा तंटा झाला तर महाराची साक्ष, कारण शीव त्याच्या पायाखालची. मयताची खबर परगावी न्यायची. मेलेलं जनावर ओढायचं. या बदल्यात बलुतं, काही हक्क (परंपरेने बावन्न सांगतात) आणि हाडकी-हाडवळ्याची जमीन, जी पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन तळहाताएवढी उरलेली.

आणि चोरी झाली तर? माग काढायचा. पावलांचा माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला तर जबाबदारी त्या गावावर. आपल्याच शिवेत हरवला तर राखणदाराने, म्हणजे कुठे रामोशाने, कुठे भिल्लाने, कुठे महाराने, आणि मग गावाने भरपाई द्यायची. अकबराच्या कोतवालावर होतं तेच कलम. फरक एवढाच की तिकडे जबाबदारीसोबत घोडा, प्यादे आणि अधिकार होता, इकडे फक्त जबाबदारी. काम एक, पण शहरात केलं तर हुद्दा आणि गावात केलं तर जात. इंग्रजी राज्यात 1874 च्या वतन कायद्याने यावर शिक्काच मारला: हे वंशपरंपरागत वतन, महाराने आणि त्याच्या घरच्यांनी करायचं, सरकारने पगार द्यायचा नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं ते या कलमावर. त्यांचा मुद्दा रोखठोक होता. हे सरकारी नोकर आहेत, मग पगार सरकार का देत नाही? बलुत्यासाठी त्यांना गावाच्या दयेवर का ठेवलं आहे? आणि एका वतनापायी सगळं घरदार चोवीस तास बांधलेलं का? वतनाला अभिमानाची गोष्ट मानणारेही समाजात होते. बाबासाहेब त्याला पायातली बेडी म्हणत राहिले. ते बिल मंजूर झालं नाही. 1937 नंतर त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. वतन जायला स्वातंत्र्य यावं लागलं, आणि त्यानंतरही आणखी दहा-अकरा वर्षं जावी लागली.

इथे महाराष्ट्राचे तीन तुकडे वेगवेगळे पाहावे लागतात, कारण 1956 पर्यंत ते तीन वेगवेगळ्या राज्यांत होते आणि कोतवाल या नावाचा अर्थ तिन्हीकडे वेगळा होता.

पश्चिम महाराष्ट्रात, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्यात, तो इतिहासात जमा झाला होता. पेठेचं नाव, चावडीचं नाव, आणि आडनाव. माथेरानचे भाई कोतवाल, ‘आझाद दस्ता’ उभारून विजेच्या तारांचे मनोरे पाडणारे आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर गोळीने पडलेले, नाभिक घरातले आणि वकील होते. आडनाव घरात कुठून आलं असेल ते असो, तेव्हा कोतवाल म्हणून मुंबई इलाख्यात कुणी अधिकारी दिसत नव्हता.

मराठवाड्यात उलट. तो निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबाद शहराचा कोतवाल म्हणजे आजच्या भाषेत पोलिस आयुक्त. राजाबहादूर वेंकटरामा रेड्डी 1920 ते 1934 अशी चौदा वर्षं त्या जागेवर होते. शाळा-वसतिगृहं उभारणारे, निजामाच्या दरबारात उठबस असलेले गृहस्थ. नांदेड-परभणीकडचा जो माणूस कामाला हैदराबादला जाई, त्याच्या दृष्टीने कोतवाल हा पुरता जिवंत आणि पुरता मोठा माणूस होता. पुण्यात घाशीरामाची आठवणही दीडशे वर्षांची होत आली होती, तेव्हाची ही गोष्ट.

आणि विदर्भ. तो मध्य प्रांतात होता, आणि मध्य प्रांतात खेड्याच्या राखणदारालाच कोतवाल किंवा कोटवार म्हणत. ही नेमणूक बहुधा महार, गांडा, पनका अशा जातींतल्या माणसांची असे. जन्म-मृत्यूची खबर ठाण्यावर देणं, वाटसरूवर नजर ठेवणं, अधिकाऱ्याला वाट दाखवणं ही त्याची कामं. मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडात आजही गावागावांत कोटवार आहेत. मध्य प्रदेशच्या 1959 च्या जमीन महसूल संहितेत त्यांच्यासाठी स्वतंत्र कलम आहे.

म्हणजे नागपूरकडच्या खेड्यातला माणूस, हैदराबादेत नोकरी करणारा मराठवाड्यातला माणूस आणि पुण्यातला माणूस असे तिघे 1930 साली एका बाकावर बसून ‘कोतवाल’ म्हणाले असते, तर एकाला राखणदार दिसला असता, एकाला पोलिसप्रमुख आणि एकाला इतिहासातलं प्रेत.

1956 साली राज्यांची फेररचना झाली. विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्यात आले. त्याच साली ऑक्टोबरात नागपूरला धर्मांतर झालं, आणि गावोगावच्या नवबौद्धांनी मेलेली जनावरं ओढणं, मयताच्या खबरी नेणं, तराळकी करणं सोडायला सुरुवात केली. वतन आता कागदावर ठेवूनही चालणार नव्हतं. 1958 साली कनिष्ठ गाव वतनं रद्द करण्याचा कायदा झाला आणि 1959 पासून अमलात आला. वतनाखालची सक्तीची सेवा संपली.

पण सरकारचं काम संपलं नव्हतं. वसुली होती, नोटिसा होत्या, पंचनामे होते, तलाठ्याचं दप्तर होतं. हे काम करायला माणूस हवाच होता. फक्त तो आता वतनदार नसणार होता. त्याला सरकार ठरावीक रक्कम देणार, तहसीलदार नेमणार, आणि तो कुठल्याही जातीचा असू शकणार. या माणसाला म्हणायचं काय? ‘महार’ म्हणता येणार नव्हतं, कारण तेच तर मोडायचं होतं. वेसकर, तराळ, जागल्या या शब्दांनाही जातीचाच वास. अशा वेळी कोतवाल हे नाव उचललं गेलं. एका अंगाने ते विदर्भात आधीच गावच्या कामाला चिकटलेलं होतं. दुसऱ्या अंगाने बाकीच्या राज्यात ते प्रतिष्ठित पण बेवारस पडलेलं होतं. ज्याला जात नाही, ज्याला कुणी दावेदार नाही, आणि ज्यात राखणदारीचा अर्थ मुळातच आहे असं नाव शोधायचं तर याहून चांगलं मिळणं अवघड होतं.

म्हणून ‘केवढा मोठा कोतवाल आणि शेवटी काय झालं त्याचं’ अशी हळहळ मला चुकीच्या जागी वाटते. ती पुण्याच्या कोतवाल चावडीत उभं राहून केलेली हळहळ आहे. गावच्या चावडीच्या बाहेर, जिथे तराळ पायरीखाली उभा असे तिथून पाहिलं, तर याच घटनेत काम करणाऱ्याला प्रथमच जातीचं नसलेलं नाव मिळालं, आणि बलुत्याच्या भाकरीऐवजी सरकारी रोख. नावाची पायरी उतरली असेल, कामाची चढली.

अर्थात सगळंच बदललं असं नाही. सुरुवातीला बऱ्याच गावांत जे वतनाचं काम करत होते त्यांच्यातलेच लोक कोतवाल झाले, कारण शीव, शेतं आणि माणसं त्यांनाच ठाऊक होती, आणि दुसऱ्या कुणाला त्या कामाचा विटाळ. कुलकर्ण्याचं वतन 1950 च्या कायद्याने गेलं तेव्हा त्याच्या जागी पगारी तलाठी आला. तो पूर्ण वेतनाचा सरकारी नोकर. पाटलाचं महसुली वतन 1962 च्या कायद्याने गेलं आणि 1967 च्या ग्राम पोलिस कायद्याने पोलिस पाटील आला, मानधनावर पण मानाचा. कोतवालाच्या वाट्याला मानधन आलं, मान आला नाही, आणि वेळेचं बंधन मात्र जुन्या वतनासारखंच राहिलं: चोवीस तास बांधील. बाबासाहेबांनी 1928 साली विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोघांना उत्तर मिळालं, तिसरा तसाच.

या कामाचं रोजचं रूप गाव पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही. सकाळी तलाठी कार्यालय उघडून झाडायचं. ज्यांची शेतसाऱ्याची बाकी आहे त्यांना निरोप. फेरफाराच्या नोटिसा घरोघर देऊन पोच घ्यायची. कुणी घेत नसेल तर दारावर डकवायची. अतिवृष्टी झाली की पंचनाम्याला तलाठ्याबरोबर बांधाबांधाने फिरायचं, आणि गट नंबर नकाशावर न सापडला की ‘इथं शंकररावाचा विहिरीचा तुकडा’ असं बोट दाखवायचं. जप्त केलेल्या वाळूच्या ढिगाऱ्यावर रात्र काढायची. निवडणुकीत मतदान केंद्राची तयारी. तालुक्याला दप्तर नेणं-आणणं. दवंडी आता कमी झाली. तिचं काम ग्रामपंचायतीच्या स्पीकरने आणि मोबाइलवरच्या गटाने घेतलं. पण जुनी माणसं अजून सांगतात की दवंडी पिटणाऱ्या कोतवालाचा आवाज आठवडी बाजाराच्या गलक्यातही ओळखू यायचा.

भरतीच्या अटीतही या पदाचा दोन्हीकडचा ओढा दिसतो. शिक्षण चौथी पास, वय 18 ते 40, सजाच्या हद्दीतला रहिवासी, नेमणूक तहसीलदाराची. अट चौथी पासची, पण अलीकडे लेखी परीक्षा घेतात आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत ‘कोतवालाला रजा कोण देतो’ हा हमखास प्रश्न असतो. (तहसीलदार.) पूर्वी गावाच्या लोकसंख्येनुसार एक, दोन किंवा तीन कोतवाल असत, पुढे सजाला एक असं झालं. राज्यात मिळून ही पदं बारा हजारांहून अधिक आहेत.

मानधनासाठी कोतवालांनी किती वेळा मुंबई-नागपूर गाठलं त्याची गणती नको. 2019 मध्ये ते 7,500 रुपयांवर आलं, 2023 मध्ये 15,000 झालं, 2024 मध्ये आणखी 10 टक्के वाढीचा निर्णय झाला. मुख्य मागणी मात्र रकमेची नाही. चतुर्थ श्रेणीचा दर्जा द्या, ही आहे. शिपायाला निवृत्तिवेतन, भत्ते, बढतीची वाट असते. कोतवाल कागदावर त्या शिपायाच्या बरोबरीचं काम करतो आणि मानधनावर निवृत्त होतो. मानधन या शब्दातला मान इथे बराच महागात पडतो.

आणि मग नाव पुन्हा बदललं. 2024 मध्ये ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. त्याच ओघात कोतवालाचा ‘महसूल सेवक’ झाला. 2025 पासूनच्या भरतीच्या जाहिरातींत हेच नाव दिसतं. कोतवालांनीच ते मागितलं होतं असं सांगतात, आणि का मागितलं ते समजण्यासारखं आहे. त्यांना घाशीरामाचं ओझं नको होतं, की ‘ए कोतवाल’ या हाकेतला कमीपणा नको होता, हा प्रश्न दुय्यम. ‘महसूल’ हा शब्द नावात आला की आपण एका खात्याचे कर्मचारी आहोत हे कागदावर दिसतं, आणि उद्या चतुर्थ श्रेणीचा दावा मांडताना ते उपयोगी पडतं. हिशेब व्यवहाराचा आहे आणि बरोबर आहे.

तरी या तीन नावबदलांत एक गोष्ट खटकते. ग्रामसेवक ‘सेवक’ सोडून ‘अधिकारी’ झाला. तलाठीही ‘अधिकारी’ झाला. आणि ज्याच्या नावात कधीकाळी शहराची सत्ता होती, त्या एकट्यालाच ‘सेवक’ मिळालं. ग्रामसेवकाला जो शब्द कमीपणाचा वाटला म्हणून टाकला, तोच उचलून कोतवालाला दिला. 1959 ला ज्याने नाव निवडलं त्याला निदान काम उचलून धरायचं होतं. या वेळी कुणी तसा विचार केल्याचं दिसत नाही.

जुनं नाव पाखरांनी मात्र पक्कं धरून ठेवलं आहे. शेतात म्हशीच्या पाठीवर किंवा विजेच्या तारेवर बसणारा, दुभंगलेल्या लांब शेपटीचा काळाभोर पक्षी मराठीत कोतवाल म्हणून ओळखला जातो. घरट्याच्या आसपास कावळा-घार आली की तो आपल्याहून चौपट मोठ्या पाखरावर झेप घेतो, म्हणून बुलबुल-होल्यांसारखी लहान पाखरं त्याच्याच झाडावर घरटी करतात असं म्हणतात. हे नाव ज्याने ठेवलं त्याला कोतवालाचं कोणतं रूप माहीत होतं, पुण्याचं की नागपूरकडच्या खेड्यातलं, हे त्या पाखराकडे पाहून ओळखता येत नाही, दोन्ही बसतात.

सध्याच्या जाहिरातींत मथळा असतो तो ‘महसूल सेवक (कोतवाल)’ असा. कंसाशिवाय छापला तर अर्ज कशाचा हे गावात कळणार नाही, हे तहसील कार्यालयाला पक्कं ठाऊक आहे.